फटफटीची नाडी

दिवाळी अंकासाठी जरा खुसखुशीत काहीतरी लिहा, असा संपादकांचा निरोप दर वर्षी श्रावणातच येतो. एरवी या पानावर मी शब्दांच्या खोड्या काढत असतो. व्युत्पत्ती, म्हणी आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका हा माझा नेहमीचा फराळ. यंदाच्या ताटाला मात्र थोडे ग्रीस लागलेले आहे. वाचकांनी, विशेषतः भगिनीवर्गाने, नाक मुरडू नये. ज्या घरात शिवणाचे यंत्र आहे आणि ते ऐन लग्नसराईत टाके सोडते, त्या घराला पुढचा मजकूर न सांगता समजेल.

विषय आहे आमच्या मामांची फटफटी. ‘फटफटी’ हा शब्द मराठीने कानाने घडवला आहे. एकाच सिलिंडरचे इंजिन सावकाश चालू लागले की त्याचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, आणि त्या ठोक्यांवरूनच यंत्राचे नाव पडले. चार सिलिंडरांची मोटारसायकल आपल्याकडे आधी आली असती तर तिला आपण कदाचित ‘गुणगुणी’ म्हटले असते. असो. मामांची फटफटी म्हणजे साडेतीनशे सीसीची बुलेट, १९७१ सालची. नीट मोजायचे तर ३४६ सीसी. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. व्यासापेक्षा धाव लांब, म्हणून ठोका धीमा आणि दमदार.

या गाडीची कुळकथा थोडक्यात सांगतो. ‘बुलेट’ हे नाव इंग्लंडातल्या रॉयल एनफिल्ड कंपनीने १९३२ साली प्रथम वापरले. मागच्या चाकालाही स्प्रिंगा असलेली तिची नवी आवृत्ती १९४९ च्या सुमारास आली. आपल्या सरकारने १९५४ साली लष्कर आणि पोलिसांसाठी अशा आठशे गाड्या मागवल्या, आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. पुढे रेडिचचा मूळ कारखाना १९६७ मध्ये बंद झाला. आईचे घर मिटले आणि लेक सासरी नांदत राहिली, तसे झाले. बिडाच्या सिलिंडरचे हे जुने इंजिन मद्रासेत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत निघत होते. माझ्या लहानपणी रस्त्यावरून तो आवाज गेला की एकतर फौजदार असे, नाहीतर बागायतदार. तिसरे आमचे मामा. ते पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते आणि कालव्याच्या भरावावरून फटफटी नेत.

पंचाहत्तरी ओलांडल्यावर मामांनी गाडी ताडपत्रीखाली ठेवली ती ठेवलीच. यंदा उन्हाळ्यात पुण्याचे एक गृहस्थ विचारायला आले. “इंजिन ठणठणीत असेल तर घेतो,” म्हणाले, आणि आकडा असा सांगितला की मामींच्या हातातली कपबशी वाजली. नाशिकची माझी मामेबहीण फोनवरून रोज म्हणू लागली, “बाबा, देऊन टाका. तुमचे गुडघे काय, ती गाडी काय!” मामांनी एवढेच उत्तर दिले, “विकायची तर चालती विकीन. बंद पडलेली विकणार नाही.” मग बँकेतली एक ठेव मोडून चाळीस हजार रुपये इंजिनात गेले. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन, नव्या रिंगा, मोठे बेअरिंग, व्हॉल्व घासून बसवलेले, आणि ‘हात लागलाच आहे तर’ म्हणून पॉइंट, कंडेन्सर, प्लग, वायरिंग सगळे नवे. मामी म्हणाल्या, “एवढ्यात माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू झाले असते.” त्या थट्टेत तेवढीच थट्टा नव्हती, हे मला ठाऊक आहे.

गाडी घरी आली, सुरू झाली आणि दुसऱ्या दिवसापासून रुसली. गार असताना चालू होई, पण आवाज एकसारखा नसे. मध्येच इंजिन एकदम तापल्यासारखे पळे, मध्येच ठोका गाळी. आणि दहाबारा किलोमीटर गेल्यावर बंद पडे ती पडेच. वीस मिनिटे थांबले की जणू काही घडलेच नाही, अशी पुन्हा सुरू. गॅरेजवाले म्हणाले, “नवीन काम आहे, रुळेल.” तीन आठवडे झाले तरी रुळेना. शेवटी मामांच्या ओळखीचे एक निवृत्त मिस्त्री आले. सारे त्यांना वस्ताद म्हणतात. नाव छापायचे नाही, असे त्यांनी मला बजावले आहे. मी बॅटरी धरण्याच्या आणि वहीत टिपून ठेवण्याच्या कामावर होतो.

वस्तादांनी गाडीला हात न लावता पहिला प्रश्न केला, “गार असताना काय करती आणि तापल्यावर काय करती? दोन्ही येगळं येगळं सांगा.” निदानाचे अर्धे शास्त्र या प्रश्नात आहे. मामांनी दोन्ही तक्रारी एका दमात सांगितल्या होत्या, म्हणून सगळे त्यांना एकच आजार समजत होते. वस्तादांनी त्यांचे दोन आजार केले.

आधी गारपणीचा. मला वाटले, ते कार्ब्युरेटर उघडतील, कारण गॅरेजात तो चार वेळा उघडला गेला होता. वस्ताद हसले. “सर, आधी ठिणगी, मग पेट्रोल. देव्हाऱ्यात दिवा लागल्याबिगर निवद दावत्यात व्हय?” मिस्त्री लोकांत अशी एक समजूतच आहे की कार्ब्युरेटरचे बहुतेक दोष शेवटी पॉइंटात सापडतात.

पॉइंट म्हणजे दोन छोट्या धातूच्या टिकल्या. त्या मिटलेल्या असताना कॉइलमधून वीज वाहते. इंजिनाच्या फिरत्या कॅमने त्या उघडल्या की वीज तुटते, आणि तुटण्याच्या त्या क्षणी प्लगमध्ये ठिणगी पडते. पूर्ण उघडल्यावर त्यांच्यातली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. पोस्टकार्ड आठवत असेल तर त्याच्याहून थोडी अधिक समजा. इथे ती जवळजवळ दुप्पट होती. आता यात एक मेख आहे. फट मोठी म्हणजे टिकल्या लवकर उघडतात, म्हणजे ठिणगीही वेळेआधी पडते. म्हणून आधी फट लावायची आणि मगच ठिणगीची वेळ, म्हणजे टायमिंग. उलट केले तर लावलेले टायमिंग फट लावताना पुन्हा बिघडते.

टायमिंगची रीत मला फारच आवडली. प्लग काढायचा, दोन्ही व्हॉल्व मिटलेले असतील तो फेरा पकडायचा आणि पिस्टन अगदी वर येण्याच्या ०.८ मिलिमीटर आधी थांबवायचा. मग टिकल्यांमध्ये सिगारेटच्या वेष्टनातला पातळ कागद अडकवायचा आणि डिस्ट्रिब्यूटर कणाकणाने फिरवायचा. कागद ज्या क्षणी अलगद सुटून हातात येतो, तो पॉइंट उघडण्याचा क्षण. हातातल्या कागदाला वेळ कळते! वेग वाढला की ठिणगी आणखी लवकर हवी असते. ते काम आतली वजने आणि स्प्रिंगा आपोआप करतात. त्या वजनांवर वाळलेले ग्रीस बसले असेल तर गाडी चढावर दम टाकते, म्हणून वस्तादांनी तीही बोटाने हलवून पाहिली. मोकळी होती.

मग टॅपेट. या इंजिनात पिस्टन वर असताना आणि इंजिन अगदी गार असताना पुशरॉडला वरखाली हालचाल अजिबात नको, पण बोटाच्या चिमटीत तो सहज फिरला पाहिजे. सैल नाही आणि घट्टही नाही. आपल्या कुटुंबसंस्थेलाही हे माप अजून सापडलेले नाही. इथला एक रॉड फिरतच नव्हता. व्हॉल्व नव्याने घासले की पहिल्या शेदोनशे किलोमीटरांत ते आपल्या बैठकीत आणखी थोडे खोल बसतात, आणि ठेवलेली सैल संपते. मग व्हॉल्व पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो, किक पोकळ लागते. असेच चालवले तर धुराचा व्हॉल्व जळतो. गॅरेजवाल्यांनी टॅपेट पहिल्या दिवशी बरोबर लावले असतील. ते पुन्हा पाहावे लागतात, एवढे कोणी मामांना सांगितले नव्हते.

इंजिनाचा मध्येच पळण्याचा रोग मात्र हवेचा निघाला. कार्ब्युरेटर जिथे इंजिनाला जोडलेला असतो, तिथली चपटी कड वर्षानुवर्षे बोल्ट आवळून धनुष्यासारखी वाकली होती. त्या फटीतून चोरटी हवा आत जाई आणि पेट्रोलचे मिश्रण पातळ होई. वस्तादांनी चालू इंजिनाच्या त्या सांध्यावर कुंचल्याने थोडे तेल लावले, तोच आवाज बदलला. खरे तर सांधा तिथेच बोलला. मग काचेच्या तावदानावर बारीक पॉलिश पेपर ठेवून ती कड अर्धा तास घासली, नवे पॅकिंग घातले, आणि इंजिन पहिल्यांदा संथ लयीत वाजू लागले. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “अगदी अशीच वाजायची,” म्हणाल्या, आणि परत आत गेल्या.

मिश्रणाबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती आपल्या काळाची आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असल्यामुळे जुन्या मापाच्या जेटला ते मिश्रण पातळ पडते. शिवाय ते पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. कोल्हापूरच्या गाडीने उसावर चालू नये, असे म्हणायला मन धजत नाही. पण १९७१ चा कार्ब्युरेटर हा ऊस ओळखत नाही, हे खरे. उपाय सोपा आहे: कार्ब्युरेटरमधल्या सुईची चकती एक खाच खाली बसवायची, म्हणजे सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल थोडे जास्त येते. मग गाडी एका वेगात काही अंतर न्यायची, चालतीच बंद करून क्लच दाबायचा आणि थांबून प्लग काढून पाहायचा. पांढराफटक असेल तर इंजिन उपाशी आणि तापलेले. काजळी असेल तर अजीर्ण. दुधाच्या चहाचा रंग असेल तर देवाला नमस्कार करावा. आजच्या पेट्रोलमध्ये हा रंग पूर्वीइतका स्पष्ट उमटत नाही, तरी पांढरा तो पांढराच. आमचा पांढरा होता, तो एका खाचेने फिकट चहावर आला.

राहिला तो तापल्यावरचा आजार. हाच खरा जिवाचा, कारण नव्याने बोअर केलेल्या इंजिनात अशा वेळी पहिली शंका पिस्टनवर जाते. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातले अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजतात. ते कमी ठेवले गेले असेल तर तापून फुगलेला पिस्टन सिलिंडरला धरतो, इंजिन बंद पडते, आणि थंड झाल्यावर सुटते. लक्षण हुबेहूब तेच! आणि तसे असेल तर प्रत्येक फेरीत नव्या सिलिंडरवर ओरखडे पडत होते; चाळीस हजार पुन्हा गेले, आणि धावत्या गाडीचे मागचे चाक अचानक अडकून मामा पडले असते ते वेगळेच. मामा त्या रात्री जेवले नाहीत, असे मामींनी मला नंतर सांगितले.

वस्तादांचे म्हणणे असे, की रोग जिथे होतो तिथेच जाऊन पाहायचा. एका सकाळी आम्ही जोतिबाच्या वाटेला लागलो. बुलेटवर वस्ताद, मागे माझ्या स्कूटरवर मी आणि मामा. मामांचा उजवा हात वाटभर माझ्या पाठीमागे अदृश्य ॲक्सिलरेटर पिळत होता. डोंगराचा चढ सुरू झाला, धुके उतरलेले, आणि तिसऱ्या वळणाच्या अलीकडे बुलेट एकदम गप्प झाली. वस्तादांचा डावा हात त्याच क्षणी क्लचवर होता. नवे इंजिन चालवताना दोन बोटे क्लचवर ठेवावीत, म्हणजे पिस्टनने धरले तरी चाक अडकत नाही.

पुढची पाच मिनिटे मी विसरणार नाही. वस्तादांनी पहिल्यांदा किक हाताने दाबली. ती दाबाला नेहमीसारखी अडली आणि सुटली. कुठे घासले नाही. म्हणजे पिस्टन मोकळा. मामांनी रस्त्याकडेच्या दगडावर बैठक मारली. मग टाकीचे झाकण उघडले. झाकणातले हवेचे बारीक भोक बुजले असले तर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल उतरत नाही, आणि तेव्हाही गाडी अशीच काही मैलांनी थांबते; पण ती आधी आचके देते आणि झाकण उघडताना सुस्कारा ऐकू येतो. इथे आचके नव्हते, सुस्कारा नव्हता, आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल भरपूर होते. शेवटी प्लग काढून सिलिंडरच्या डोक्याला टेकवला आणि किक मारली. ठिणगी नाही. पुन्हा मारली; एक पिवळट, मरतुकडी ठिणगी दिसली न दिसली. वस्तादांनी पॉइंटचे झाकण उघडून मला वाकायला सांगितले. धुक्याच्या त्या अंधुक उजेडात किक मारताच दोन टिकल्यांच्या मध्ये निळा लोळ उठला. जी वीज प्लगमध्ये जायची, ती वाटेतच उधळत होती.

“कंडेन्सर,” वस्ताद म्हणाले.

हा कंडेन्सर म्हणजे करंगळीच्या टोकाएवढी पत्र्याची डबी. टिकल्या उघडताना वीज उडी मारून पलीकडे जाऊ पाहते. ती उडी हा स्वतःत जिरवतो, म्हणून वीज झटक्यात तुटते आणि प्लगमध्ये कडक ठिणगी पडते. त्याच्या आतले वेष्टन निकृष्ट असेल तर गार असताना तो काम करतो, तापला की गळतो आणि निवला की पुन्हा शहाणा होतो. गॅरेजात बसवलेला कंडेन्सर कोरा करकरीत होता. म्हणूनच त्याच्यावर कोणी संशय घेतला नव्हता. नवीन भाग म्हणजे चांगला भाग, हे गृहीत धरून तीन आठवडे कार्ब्युरेटर उघडला जात होता.

आता मामांचा स्वभाव कामी आला. त्यांनी गॅरेजातून काढलेला प्रत्येक जुना नट, बोल्ट, पॅकिंग एका बिस्किटांच्या डब्यात भरून घरी आणले होते, आणि त्यावरून मामींची बोलणी खाल्ली होती. त्या डब्यात जुना कंडेन्सर होता, बहुधा चाळीस वर्षांचा. गाडी निवल्यावर आम्ही घरी आलो, तो घासूनपुसून बसवला, खडबडीत झालेल्या टिकल्या साफ करून फट पुन्हा लावली, टायमिंग पुन्हा पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चढावरून बुलेट देवळाच्या वाहनतळापर्यंत न थांबता गेली. तिथेही तापल्या इंजिनाला पहिल्या किकेत ती सुरू झाली. मामांनी गुलाल उधळला नाही एवढेच.

पुण्याचे गृहस्थ नवरात्रात आले. त्यांना किक मारायला दिली. या गाडीला ताकद नको, रीत हवी. चावी लावून किक हळू दाबत न्यायची. अँमीटरचा काटा एका बाजूला झुकतो आणि पॉइंट उघडले की मध्यावर येतो. तिथे थांबून डीकॉम्प्रेसरची कळ ओढायची, किक थोडी पुढे ढकलायची, कळ सोडायची, किक वर घ्यायची आणि मग एकच सरळ, पूर्ण दाब. गृहस्थांनी यातले काही न करता पाच वेळा उड्या मारल्या. पाचव्या वेळी किकने उलटा तडाखा दिला आणि ते पोटरी चोळत बसले. मामा खुर्चीवरून उठले, काट्याकडे पाहिले, आणि चपलेच्या पायाने एका दाबात इंजिन सुरू केले. वय सत्याहत्तर!

गृहस्थांना मग वेगळाच प्रश्न पडला. केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले, त्यानुसार पन्नास वर्षांवरच्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे किंवा दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणायची, रोजच्या ये-जा करण्यासाठी नाही. तेच करून गाडी दिवाणखान्यात ठेवण्याचा त्यांचा विचार होता. मामांनी शांतपणे विचारले, “म्हणजे चालवणार नाही?” गृहस्थ म्हणाले, “कधीतरी, रॅलीला.” मामा म्हणाले, “अजून रनिंग-इन चालू आहे. हजार किलोमीटर झाल्याशिवाय द्यायची नाही, असे वस्ताद सांगतात.”

वस्तादांनी एवढेच सांगितले होते, की पहिले हजार किलोमीटर गाडी पळवू नये, पण फार लाडही करू नयेत. एकाच मंद वेगात रेंगाळली तर रिंगा नीट बसत नाहीत, सिलिंडर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग जन्मभर निळा धूर. चढावर मोठ्या गिअरमध्ये रेटू नये, वेग थोडा वरखाली ठेवावा. हजार झाल्यावर तेल बदलायचे आणि टॅपेट पुन्हा पाहायचे. सध्या आकडा चारशे बारावर आहे. मामा दर शनिवारी तीस किलोमीटर जातात, त्याहून एकही जास्त नाही. मामींनी परवा कॅलेंडरवर बोट ठेवून हिशेब केला आणि म्हणाल्या, “म्हणजे होळी होईल की हो! आणि मग?”

मामा आत फीलर गेज शोधत होते.